सोबतीची विडी

दुपारचं जेवण पोटात उतरलं की इंगवले सरांच्या पापण्या त्यांना विचारत बसत नाहीत. समुपदेशनाच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतीला लागून एक लाकडी बाकडं आहे. बाकडं क्लायंटच्या नातेवाइकांसाठी आहे असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ सरांचीच पाठ टेकलेली असते. आजही ते टॉवेलची घडी उशाला घेऊन आडवे झालेत. पंखा कुरकुरत फिरतोय, मागच्या स्वयंपाकघरात भांडी घासली जातायत, उसावरून येणारं वारं खिडकीचा पडदा आत ढकलतंय नि पुन्हा बाहेर ओढतंय. झोप येतेय, पण पुरती येत नाही. चहाच्या वेळेला मीटिंग आहे आणि तिथं सरांना बोलायचं आहे.

भालचंद्र इंगवले हे कऱ्हाडजवळच्या या व्यसनमुक्ती केंद्रातले सगळ्यात जुने समुपदेशक. एके काळी स्वतः दारूत गळ्यापर्यंत बुडालेले, इथंच येऊन कोरडे झालेले आणि मग इथंच राहिलेले. गप्पिष्ट माणूस. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असताना उरलेलं अर्धं स्वतःच पुरं करायची त्यांना सवय, आणि त्यांच्यासारख्या माणसाला या धंद्यात ती सवय चांगलीच नडली असती. पण तिच्यावर त्यांनी एक उपाय शोधून काढलेला आहे. तो म्हणजे विडी.

केंद्राची पद्धतच आहे तशी. दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, सगळं फाटकाबाहेर. विडी मात्र आत. आलेल्या माणसाचे विड्यांचे कट्टे ऑफिसातल्या कपाटात राहतात, आणि सकाळची गटचर्चा झाली की जयमाला सिस्टर प्रसाद वाटावा तशा त्या हातावर ठेवतात. नीट वागला त्याला एक जास्त, भांडला त्याची एक कमी. मग सगळे मागच्या जांभळीखाली. तिथं सिमेंटचा बाक आहे आणि त्या बाकावर सरही जाऊन बसतात, शेजारच्याची विडी पेटवून देतात, त्याच काडीवर स्वतःची पेटवतात. खोलीत टेबलापलीकडं बसून जो माणूस तोंड उघडत नाही, तो जांभळीखाली घडाघडा बोलतो. असं सर नव्या कर्मचाऱ्यांना सांगतात. गंमत अशी की दारूच्या ऐन बहरातही सरांनी कधी विडी ओढली नव्हती. ती त्यांनी नोकरीला लागल्यावर सुरू केली, क्लायंट बोलावेत म्हणून. घरी बायको बोटांच्या वासाबद्दल बोलली की ते म्हणतात, "अगं, माझ्या कामाचं हत्यार आहे ते."

आता नव्यानं आलेल्या डॉक्टर रेश्मा शिकलगार यांनी नेमकं या हत्यारावर बोट ठेवलंय. त्यांचं म्हणणं असं की कपाटातून विड्या वाटणं थांबवायचं. कर्मचाऱ्यांनी क्लायंटसोबत ओढायचं नाही. आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारूबरोबर तंबाखूही सोडायला मदत करायची, गोळ्या देऊन, च्युइंगम देऊन, बसून बोलून. यावर स्टाफमध्ये नुसती कुजबुज. जयमाला सिस्टर म्हणाल्या, "दारू तुटताना माणूस भिंती खरवडतो हो, त्याच्या हातातली विडीपण काढून घ्यायची?" वॉर्डबॉय म्हणाला, "मी सोताच ओढतो, मी कुठल्या तोंडानं सांगू?" शेवटी सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबली. इंगवले सर म्हणतील तसं. आणि सर काय म्हणणार हे सरांचं ठरलंय. ते म्हणणार, एका वेळी एकच लढाई. वाक्य तयार आहे. त्याच्यामागची भीती मात्र ते मीटिंगमध्ये बोलणार नाहीत. ती अशी की बाक गेला, विडी गेली, तर माणसं आपल्याशी बोलतील कशाला? आणि माणसं बोलली नाहीत तर भालचंद्र इंगवले नावाच्या इसमाचं या जगात काम काय?

पंखा फिरतो. पडदा आत येतो, बाहेर जातो, पुन्हा आत येतो, आणि या खेपेला त्याच्यामागून हिंदुराव वायदंडेही आत येतात.

हिंदुराव म्हणजे ब्रास बँडमधले क्लॅरोनेटवाले. कऱ्हाडपासून पाटणपर्यंतच्या किती वरातींपुढं ते वाजवत चालले असतील याला गणती नाही. लग्नसराईभर वाजवायचं आणि लग्नसराईभर प्यायचं असा त्यांचा शिरस्ता होता. मग ते केंद्रात आले, जांभळीखाली सरांशेजारी बसायला लागले, आणि त्यांची दारू सुटली. सुटली ती सुटलीच. गेल्या माघात फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले, तोवर थेंबाला शिवले नव्हते. मयताला सर गेले होते. "सुटलेला माणूस गेला," असं तिथं चारचौघांत म्हणाले होते. ते खरंही होतं, आणि त्या वाक्याच्या आधारानं सर त्यानंतर बरे झोपत आलेत.

आता हिंदुराव समोर उभे आहेत. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यांवर पिवळ्या झालरी, त्यातली एक उसवून लोंबतेय. काखेत क्लॅरोनेट. शेवटी शेवटी गालांची हाडं वर आली होती, ती आता दिसत नाहीत. चेहरा चांगला भरलाय.

"झोपा, झोपा सर," ते म्हणतात. "उठू नका. तुमी उठला की मला जावं लागंल."

सर उठत नाहीत. हा माणूस मेलेला आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यात काही वावगं आहे असं काही केल्या वाटत नाही. पाहुणा उभा आणि आपण आडवे, याचीच काय ती लाज वाटते.

"कसं काय येणं केलंत, हिंदुराव?"

"वरात हाय. हितनंच चाललीया. म्हटलं सरांस्नी बगून जावं."

"कुणाची वरात?"

"ते आमाला कसं कळायचं? आमी फुडं असतो ओ. नवऱ्याचं तोंडबी आमाला दिसत न्हाय."

सर हसतात, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की आपण चालतोय. हा वॉर्डाचा व्हरांडा आहे, पण इतका लांब तो कधी नव्हता. दोन्ही बाजूंच्या खाटांवर फेटे बांधलेली माणसं मांडी घालून बसलीत. जयमाला सिस्टर नऊवारी नेसून प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवत चालल्यात. सर जरा वाकून बघतात तर त्या अक्षता नाहीत, विड्या आहेत. माणसं मुठी आवळून मंगलाष्टकं संपायची वाट बघतायत. कुणी म्हणत मात्र काहीच नाही. कुठंतरी ढोल वाजतोय.

"ह्या टाकायच्या का ओढायच्या?" सर सिस्टरना विचारतात.

"तुम्ही म्हणाल तसं," सिस्टर म्हणतात, आणि पुढच्या खाटेकडं जातात.

फेटेवाले सगळे सरांकडं वळून बघतात. एकाचाही चेहरा रागाचा नाही. नुसतेच वाट बघतायत, एस.टी.ची बघावी तसे. सर एक पाऊल मागं सरकतात. हिंदुराव त्यांच्या दंडाला धरतात नि म्हणतात, "चला ओ, आपल्या जागंवर बसू."

व्हरांडा संपतो तिथं पायऱ्या असायला हव्यात. तिथं जांभूळ उभी आहे. तिच्या भोवतीनं कृष्णा वाहतेय, गुडघाभर, तळाचे गोटे दिसावेत इतकी नितळ. मधोमध आपला सिमेंटचा बाक, कोरडा ठणठणीत. दोघं पाण्यातून चालत जातात आणि नेहमीच्या जागी बसतात. हिंदुराव खोडाच्या बाजूला, सर उन्हाच्या बाजूला. हिंदुरावांना ऊन सोसायचं नाही म्हणून पहिल्या दिवसापासून असंच ठरून गेलं होतं. पाय पाण्यात सोडल्यावर दोघांच्याही तोंडून एकदमच "आहाहा" निघतं.

सरांचा हात आपोआप खिशात जातो. कट्टा निघतो, काडेपेटी निघते. एक विडी ते हिंदुरावांपुढं धरतात.

हिंदुराव घेत नाहीत. दोन्ही हात क्लॅरोनेटवर ठेवून ते पाण्याकडं बघत राहतात.

"घ्या की."

"नगं सर."

 माघातल्या त्या दिवसापासून जे बोलणं सर टाळत आलेत, तेच आता येणार. ते काडेपेटी बाकावर ठेवतात आणि सरळ विचारून टाकतात, "हिंदुराव, भांडायला आलाय का तुम्ही माझ्याशी?"

"छ्या!" हिंदुराव दचकून बघतात. "भांडू कशाला? तुमी तर मला माणसात आणलं. माझी नात माझ्या मांडीवर बसली ती तुमच्यामुळं. आदी ती माझ्या वासानं रडायची." ते गुडघ्यावर हात मारतात. "भांडाय न्हाय आलो. एक सांगायचं राहून गेलंतं."

"काय?"

"तुमी हसाल."

"नाही हसणार. सांगा."

"मला विडी सोडायची हुती."

वरून एक जांभूळ पाण्यात पडतं.  एरवी सरांनी पुढचं वाक्य स्वतःच पुरं केलं असतं, पण या वाक्याचं पुढचं अर्धं त्यांच्याजवळ नाही.

"कधी?"

"हितं आलो तवाच. म्हटलं आता दारू सोडतोयच, तर हिचाबी गळा दाबू. वाजवताना दम लागायचा ओ. लांब सूर धरला की मदीच तुटायचा. बँडमास्तर डोळं वटारायचा. माझ्या मनात लई हुतं, दोन्ही एकदम टाकायचं नि चैत्रात वरातीला असा लांब सूर लावायचा की मास्तर बगतच ऱ्हावा."

"मग बोलला का नाहीत?" सरांचा आवाज चढतो. "रोज तर बसत होतो आपण इथं! रोज!"

"तेच तर ओ." हिंदुरावांना आता हसू आवरत नाही. "सिस्टर हातावर विडी ठेवणार. तुमी काडी वडून म्होरं धरणार. येवडा मोठा माणूस माझ्याशेजारी बसतोय, माझी विडी पेटवून देतोय. आमच्या जल्मात कुणी आमची विडी पेटवली न्हवती. आन् मी काय म्हणू? नगं म्हणू? आन् तुमाला एकट्याला वडत बसवू? बरं दिसतंय व्हय ते? म्हटलं सरांस्नी सवय हाय, सोबत पायजे त्यांस्नी. आपली एक विडी त्यांच्यापायी."

"माझ्यापायी?" सर बाकावरून अर्धे उठतात. "अहो हिंदुराव, मी तुमच्यासाठी ओढत होतो! मला तिचा वासही आवडत नव्हता! तुम्ही बोलावं म्हणून!"

दोघं एकमेकांकडं बघतात. आणि मग हिंदुरावांना जे हसू फुटतं, त्याची लागण सरांनाही होते. दोघं बाकाला धरून हसतात. हिंदुराव मांडी बडवतात, त्यांची लोंबती झालर गदागदा हलते. सरांच्या डोळ्यांतून पाणी येतं. ते चष्मा काढतात, पुसतात, घालतात, पुन्हा काढतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की आपण आता हसत नाही आहोत. आपण रडतोय. खूप वाईट वाटतं त्यांना. या माणसाचा जीव त्यांना फार प्यारा होता आणि हे त्यांनी त्याला जिवंतपणी कधी म्हटलं नव्हतं.

"जाऊ द्या," हिंदुराव म्हणतात आणि सरांच्या पाठीवर थाप मारतात. हात गरम आहे. "तुमाला कोण दोष देतंय? मीबी गपच बसलो की."

"पण हिंदुराव," सर नाक ओढत म्हणतात, "सुरुवात तुमच्यासाठीच केली होती, खरंच सांगतो."

"सुरवात आमच्यापायी केली असंल. आता रविवारी घरात संडासात जाऊन कुणापायी वडताय?"

सर पुन्हा चष्मा पुसायला घेतात. मेलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं, हे ते विचारत नाहीत. 

कृष्णेचं पाणी आता नाही. बाक आहे, पण तो बँडच्या ट्रकवर आहे. ट्रक उसाच्या शेतांमधून हळूहळू चाललाय. मागं तुतारीवाले, ढोलवाले, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून झोपलेले. उसाची पाती ट्रकच्या फळ्यांना घासतायत. सर हिंदुरावांना टेकून बसलेत आणि त्यांना बरं वाटतंय. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलेलं नाही.

"आज मीटिंग आहे," ते म्हणतात.

"म्हाईत हाय."

"तुम्हीच सांगा मग. दोन्ही एकदम सोडायला लावलं असतं, तर तुमची दारू सुटली असती का? का दोन्हीही राहिलं असतं?"

 ट्रक एका खड्ड्यातून जातो, सगळा बँड झोपेतच उडतो आणि झोपेतच खाली बसतो.

"ते मला कसं सांगता यील, सर? मेलं म्हणून माणूस काय शाणं हुतंय व्हय? कदाचित सुटली असती. कदाचित मी पळून गेलो असतो भिंतीवरनं उडी टाकून. पर तुमी इच्यारलं असतं ना, तर लई बरं वाटलं असतं. नुसतं इच्यारायचं ओ. 'हिंदुराव, हीबी सोडायची हाय का?' ज्याला न्हाय म्हणायचं तो न्हाय म्हणंल. त्याचं त्याला तोंड हाय."

"मला वाटायचं, ही काढून घेतली तर माणूस कोसळेल."

"आमी येवडं कोसळून तुमच्याकडं येतो, आनिक काय कोसळायचं?"

सर मान हलवतात. आणि मग ते बोलतात, जे मीटिंगमध्ये बोलणार नव्हते, बायकोशीही बोलले नव्हते. "हिंदुराव, विडी नसेल तर माझ्याशी बोलेल कोण?"

"अरं तिच्या!" हिंदुराव मागं सरकून त्यांच्याकडं नीट बघतात. "मी काय विडीमुळं बोललो व्हय? मी आमच्या पोराचं सांगितलं तुमाला, विहिरीत बुडालेल्या. ते बायकूलाबी कदी बोललो न्हवतो. ते विडीनं बोलवलं?"

"मग?"

"तुमी गप बसला म्हणून बोललो. खोलीत तुमी लई बोलता, सर. राग मानू नका. माणसानं तोंड उघडलं की तुमचंच सुरू. जांभळीखाली तुमच्या तोंडात विडी असायची, म्हणून तुमी ऐकायचा. विडीचा उपकार असंल तर तेवडाच."

हे ऐकून सरांना खरं तर राग यायला हवा. पण त्यांना एकदम हलकं वाटतं, उन्हाळ्यात फेटा उतरवल्यावर डोक्याला वारं लागतं तसं. म्हणजे माणसं आपल्याशीच बोलत होती तर. आपण नुसतं गप बसलो तरी पुरे होतं. ते पुरे होतं आणि तेवढंच आपल्याला जमत नव्हतं.

"मग आता मी तोंडात काय धरू?" ते विचारतात.

"हे धरा," म्हणत हिंदुराव क्लॅरोनेट त्यांच्या हातात देतात.

ट्रक थांबलेला आहे. किंवा ट्रक कधीच नव्हता आणि ते रस्त्यावरच उभे होते. पुढं मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्या आहेत, जिथं शेवटच्या वेळी सरांनी हिंदुरावांना काखेत धरून चढवलं होतं आणि मधेच बसवावं लागलं होतं. आता त्या पायऱ्या वर वर डोंगरापर्यंत गेल्यात, आणि दोन्ही कडांना गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया उभ्या आहेत. उजेड पिवळा, ऊबदार. मागं अख्खी वरात खोळंबलीय. कुणी ओरडत नाही, कुणी घाई करत नाही. बँडवाले वाद्यं तोंडाशी नेऊन थांबलेत. आधी क्लॅरोनेट वाजायला हवं, मगच बाकीचे.

"मला येत नाही हो!" सर घाबरून म्हणतात.

"मला तरी दारू सोडायला कुठं येत हुती? धरा असं. खालचा ओट दातांवर घ्या. घ्या आत. त्याच्यावर ही तोंडाकडची पत्ती टेकवा. वरनं दात. आता दाबा. जरा जोरात, तुमी काय लाडू खाताय व्हय?"

सर खालचा ओठ आत घेतात, दाबतात, फुंकतात. नुसतीच हवा. पुन्हा फुंकतात. कोंबडीची मान पकडल्यावर निघतो तसा आवाज निघतो, आणि वरातीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. सरांना काहीतरी सांगावंसं वाटतं, समजावून द्यावंसं वाटतं की मी समुपदेशक आहे, मला हे शिकवलेलं नाही, पण तोंडात क्लॅरोनेट आहे. त्यामुळं ते गप बसतात आणि फुंकत राहतात. ओठ दुखतो. हिंदुराव शेजारी उभे राहून त्यांच्या पोटावर तळहात ठेवतात. "हितनं. छातीतनं न्हवं, हितनं."

आणि मग एक सूर निघतो. काही फार देखणा नव्हे, जरा थरथरता, पण सूर. सगळी वरात "हां!" म्हणते.

"आता ऐका," हिंदुराव म्हणतात.

ते क्लॅरोनेट घेतात, पहिल्या पायरीवर पाय ठेवतात आणि वाजवायला लागतात. मागून ढोल उठतो, तुतारी उठते. हिंदुराव वाजवत चढतात. या माणसाला शेवटी पलंगावरून खुर्चीत येताना दम लागायचा, आणि आता तो एका श्वासात पायरीमागून पायरी चढतोय आणि सूर तुटत नाही. सर त्यांच्यामागून चालतात. सूर लांबतो. सर मनात म्हणतात, आता तुटेल, आता तुटेल, आणि तो आणखी लांबतो. लाल कोट वर वर जातो, लोंबती झालर नाचते. आनंदानं सरांचा ऊर भरून येतो. ते मोठ्यानं ओरडतात, "हिंदुराव! सोडायची होती का?"

हिंदुराव वाजवणं थांबवत नाहीत. पण वळतात, आणि डोळ्यांनीच हसून मान डोलवतात, होय, होय.

"सर! ओ सर!"

पंखा कुरकुरतोय. पडदा खिडकीला चिकटलाय. जयमाला सिस्टर दाराबाहेरून हाक मारतायत, "मीटिंगला बसलेत सगळे, डॉक्टर विचारतायत," आणि त्यांच्या चपला व्हरांड्यातून चटचट करत निघूनही जातात.

सर बाकड्यावर उठून बसतात. तोंडाला हलकी रक्ताची चव आहे. ते बोट आत घालून बघतात. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांच्या खुणा उमटल्यात, शेजारी शेजारी, खोल, बोट लागताच ठणकणाऱ्या. झोपेत ओठ चावला गेला असेल. सर उठून भिंतीवरच्या छोट्या आरशात ओठ खाली ओढून बघतात, आणि कुणी बघितलं तर वेड्यात काढेल अशा तऱ्हेनं आरशातल्या स्वतःकडं बघून हसतात.

दार उघडतात तर समोर गणपत साळवी उभा. नव्या बॅचचा, साखर कारखान्यात बॉयलरवर असणारा माणूस. आल्यापासून खोलीत एक अक्षर बोललेला नाही. हातात सकाळच्या राखून ठेवलेल्या दोन विड्या आहेत, आणि त्यातली एक त्यानं अदबीनं पुढं धरलीय.

"सर, चला न्हवं जांभळीखाली? तुमच्यासाठी थांबलोय."

सर त्या विडीकडं बघतात. हात खिशातल्या काडेपेटीकडं जायला निघतो, तो ते अडवतात.

"गणपतराव, एक विचारू?" ते म्हणतात. "तुम्हाला ही ओढायची असते, की सोडायचीय?"

गणपत त्यांच्याकडं बघतो, मग विडीकडं, मग ऑफिसच्या दाराकडं. तिथून कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतो. आवाज अगदी खाली आणतो.

"हितं तसं चालतंय व्हय, सर?"

सरांच्या ओठांवर लगेच दहा वाक्यं येतात. चालतं म्हणून सांगावं, कसं चालतं ते सांगावं, डॉक्टर काय म्हणतात ते सांगावं, आपलं आपण काय ठरवलं ते सांगावं. ते खालचा ओठ आत घेतात. दात नेमके त्याच जागी बसतात, आणि कळ येते. ते नुसती मान डोलवतात, होय, आणि दाराशेजारच्या पायरीवर बसून गणपतला शेजारी जागा करून देतात.

गणपत बसतो. विड्या हातातल्या हातात फिरवत राहतो. मीटिंगच्या खोलीतून पुन्हा हाक येते. सर जागचे हलत नाहीत, आणि एक शब्दही बोलत नाहीत.

"माझ्या थोरल्या पोरीला दमा हाय, सर," गणपत म्हणतो, आणि बोलायला लागतो.